फुगडीचे हात आणि स्पर्शाचा हिशोब

शाळेत पाच ज्ञानेंद्रियांचा धडा असायचा ना, डोळ्यांनी दिसतं, कानांनी ऐकू येतं, त्वचेने स्पर्श कळतो, त्यातलं ते त्वचेचं वाक्य मला हल्ली फार अपुरं वाटतं. स्पर्श त्वचेलाच होतो, पण तो नक्की कुठे झाला हे ठरवताना मेंदू हातपाय आत्ता कसे ठेवलेत तेही बघतो.

करून बघा. मधलं बोट तर्जनीवर चढवा, डोळे मिटा आणि दोन्ही टोकांच्या बेचक्यात एक वाटाणा धरून टेबलावर घोळवा. बऱ्याच जणांना दोन वाटाणे लागतात, माझी आई तर पुन्हा पुन्हा डोळे उघडून बघत होती! ॲरिस्टॉटलने हे तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. बोटांच्या त्या बाहेरच्या कडा एरवी एकाच छोट्या वस्तूला एकदम लागत नाहीत, म्हणून मेंदू दोन वस्तू धरून चालतो.

पण मला खरं वेड लावलं ते हातांच्या प्रयोगाने. जपानच्या यामामोतो आणि कितझावा या संशोधकांनी २००१ मध्ये लोकांना डोळे मिटायला लावून दोन्ही हातांना एकापाठोपाठ एक हलका स्पर्श केला आणि विचारलं, आधी कुठल्या हाताला झाला? हात सरळ असले की सोपं आहे. पण फुगडीला धरतो तसे हात क्रॉस केले आणि दोन स्पर्शांत ३०० मिलिसेकंदांपेक्षा कमी अंतर ठेवलं की लोक चक्क उलटं सांगायला लागले. त्वचा म्हणते उजवा हात, पण तो हात आत्ता डावीकडे आहे, हे जुळवायला मेंदूला जरासा वेळ लागतो आणि तेवढ्यात दुसरा स्पर्श येऊन धडकतो.

वेदनेवरही परिणाम होतो म्हणे, २०११ च्या एका अभ्यासात हात क्रॉस केल्यावर लेसरचा चटका थोडा कमी दुखला.

आणि सगळ्यात भारी म्हणजे जर्मन मानसशास्त्रज्ञ ब्रिगिटे रोडर यांचा २००४ चा अभ्यास. जन्मापासून अंध असलेल्यांचा हात क्रॉस केल्यावर गोंधळ होतच नाही, ज्यांची नजर नंतर गेली त्यांचा मात्र आपल्यासारखाच होतो. म्हणजे स्पर्शाला जागेशी जोडायची ही सवय लहानपणी डोळ्यांनी लावलेली असते! लंडनच्या गोल्डस्मिथ्स विद्यापीठात बाळांच्या पायांवर असंच करून बघितलं तर चार महिन्यांची बाळं पाय क्रॉस असतानाही बहुतेक वेळा स्पर्श झालेलाच पाय हलवत होती, सहा महिन्यांची मात्र गोंधळायला लागली होती.