भट्टीवरचा गायक

१५ ऑगस्ट, रात्री साडेअकरा. इंदोरा, नागपूर.

सकाळपासून झड लागून आहे. चौकातलं झेंडावंदन पावसातच उरकलं. जेवणं झाल्यावर मी व्हिक्टर त्सोई या रॉक गायकाची गाणी लावली. दर पंधरा ऑगस्टला लावतो. १९९० साली याच तारखेला लाटव्हियातल्या रस्त्यावर त्याची गाडी बसवर आदळली आणि तो गेला. वय २८.

बाबा पलंगावर पडले होते. म्हणाले, "काय ऐकून राह्यला रे? कोन्ती भाषा आहे हे?"

रशियन, म्हटलं. आणि मग सांगतच सुटलो.

लेनिनग्राडचा पोरगा. वडील कोरियन वंशाचे इंजिनियर, आई शाळेत व्यायाम शिकवायची. 'किनो' हा त्याचा बँड. सोव्हिएत राजवटीत नोकरी नसणं हा गुन्हा होता, ऐतखाऊपणाचा खटला भरायचे. म्हणून हा एका बॉयलरखान्यात भट्टीवर लागला. फावड्याने कोळसा टाकायचा आणि गाणी करायचा. त्या जागेला सगळे 'कामचात्का' म्हणत. गाणी टेपवरून टेपवर उतरवून हातोहात फिरायची. अफगाणिस्तानात युद्ध चालू होतं, घराघरातली पोरं तिकडे जात होती, आणि बाहीवर लिहिलेल्या रक्तगटाचं त्याचं गाणं ती पोरं ऐकत होती.

'पेरेमेन' म्हणजे बदल. १९८७ च्या 'आस्सा' सिनेमाच्या शेवटी हे गाणं आहे. हॉटेलात गाण्याची नोकरी मागायला तो येतो. तिथली बाई त्याला नियम वाचून दाखवू लागते. तिचं वाचन चालूच राहतं आणि हा उठून सरळ स्टेजवर जातो, गायला लागतो. बघता बघता हॉटेल नाहीसं होतं, समोर अंधारात हजारो माणसं उभी असतात. हा प्रसंग मी कितीदा पाहिला असेल, अजून अंगावर काटा येतो. चार वर्षांनी तो देशच उरला नाही. एका गाण्याने देश मोडला असं मी म्हणणार नाही. पण ज्यांना बदल हवा होता त्यांच्या तोंडात तो शब्द याने ठेवला. त्याच्या जवळचे लोक तर सांगतात की गाणं राजकारणावर नव्हतंच, माणसाने आतून बदलण्यावर होतं. असेल. त्यात कुणा पुढाऱ्याचं नाव नाही, पक्ष नाही. म्हणून ते कुणालाही आपलं म्हणता येतं. ऑगस्ट २०२० मध्ये मिन्स्कला सरकारी कार्यक्रमात दोन साउंडवाल्यांनी तेच वाजवलं, तर त्यांना दहा दिवस कोठडी झाली. गाणारा जाऊन तीस वर्षं झाली होती!

आमच्याकडची गाणी अशी नाहीत. वामनदादा कर्डक थेट नाव घेतात, बाबासाहेबांचं. आजीला अक्षरओळख नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती कडेवर लेकरू घेऊन दीक्षाभूमीवर होती, पण शिकायचं कशासाठी हे भाषणापेक्षा भीमगीतांतून कळलं, असं ती म्हणायची. जात्यावर, निंदणाला तीच गाणी. बाबांना शाळेत तिनेच घातलं, घरात दोन वेळची भ्रांत असताना. मला त्सोई इतका जवळचा का वाटतो याचं उत्तर तिच्यापाशीच सापडतं. दीक्षाभूमीच्या बाहेर दुकानांत मांडलेल्या कॅसेटी आणि लेनिनग्राडच्या त्या टेपा मला एकाच घरच्या वाटतात.

हे सगळं बाबांना नीट सांगता आलं नाही. मध्येच त्यांचा डोळा लागला असं वाटलं, म्हणून मी आवाज कमी केला.

बाबांनी कोराडीच्या वीजकेंद्रात कोल हँडलिंगमध्ये आयुष्य काढलं. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "भट्टीवर होता म्हनतोस ना तो? मंग शिफ्ट कोन्ती होती? नाइट?"

मला माहीत नव्हतं. म्हटलं, असेल.

"नाइटच असन," बाबा म्हणाले. "रात्री साहेब नसते. गाता येते. लाव बरं अजून एकदा."