डॅशबोर्डमागची किरकिर

जुन्या गाडीच्या बहुतेक आवाजांची सवय होते. ब्लोअरच्या, म्हणजे एसीची हवा आत ढकलणाऱ्या पंख्याच्या, किरकिरीची होत नाही, कारण तो आवाज बंद काचांच्या आत, कानाजवळच चालू असतो. आणि सोलापुरात मार्चपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत काचा खाली करून दुपारी गाडी चालवायची सोय नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो आणि खिडकीतून हवा नाही, झळ येते. म्हणून ब्लोअर चालू ठेवावाच लागतो.

आमची गाडी २००७ सालची, छोटी हॅचबॅक. कुठल्या कंपनीची हे इथं महत्त्वाचं नाही, त्या काळातल्या बऱ्याच छोट्या गाड्यांची रचना थोड्याफार फरकानं अशीच आहे. डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे-खाली एक प्लास्टिकची पेटी, तिच्यात बाराव्होल्टी मोटर आणि मोटरच्या दांड्यावर पिंजऱ्यासारखा गोल पंखा. एसीची हवा हाच पंखा ढकलतो आणि हिटरचीही हाच. एसीचा गार कॉइल आणि इंजिनचं गरम पाणी फिरणारा हिटरचा छोटा रेडिएटर, दोन्ही याच हवेच्या वाटेवर असतात. त्यामुळे ‘आपण हिटर कुठं लावतो’ म्हणून याच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. पावसाळ्यात तुळजापूरच्या घाटात काच आतून धुकटली की ब्लोअरशिवाय पुढचं दिसत नाही. आणि भर उन्हाळ्यात इंजिनचा काटा वर सरकायला लागला, तर एसी बंद करून हिटर आणि ब्लोअर दोन्ही फुल करायचे, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता आत ओढली जाते आणि गाडी बाजूला घेईपर्यंत वेळ मिळतो. बसणाऱ्यांचे हाल होतात, पण इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाचतं.

आमच्याकडे आवाज सुरू झाला तेव्हा एका गॅरेजमध्ये दाखवलं. तिथं बॉनेट न उघडता, ब्लोअर चालू न करता थेट नव्या मोटरचा भाव सांगितला. मला हे पटत नाही. मी बारावीला फिजिक्स शिकवते. मोटर म्हणजे आतून काय, हे दरवर्षी फळ्यावर काढते. आवाज कुठून येतो, का येतो, हे कळल्याशिवाय भाग बदलायला माझं मन घेत नाही.

आणि घरात माझ्याहून चांगला कान असलेला माणूस आहे. मामा, म्हणजे माझे सासरे, पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर, होते. मागांच्या त्या खटखटाटात कुठल्या मागाचं काय बिघडलंय हे ते आवाजावरून सांगायचे. गाडीत ते नेहमी पुढे डावीकडे बसतात, म्हणजे ब्लोअर त्यांच्या पायाशीच. अक्कलकोटला जाताना ते बराच वेळ नुसते ऐकत होते. मग म्हणाले, “अगं, हे दोन आवाज आहेत. किरकिर आहे ती कोरड्या बुशची, आमच्या कांडी मशीनला असंच व्हायचं. पण मधेच खडखड होते ना, ती बुशची नाही. आत काहीतरी पडलंय.”

बुश म्हणजे फिरणारा दांडा ज्यात बसतो ती धातूची कडी. दोन आवाज आहेत हे कळलं आणि पुढचं सगळं सोपं झालं.

घरी आल्यावर इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन केली आणि एसीचं बटण न दाबता ब्लोअर एकेका नंबरवर चालवला. ही तपासणी कुणालाही जमते. इंजिन बंद असताना आवाज येत असेल आणि ब्लोअरचा नंबर वाढवला की बदलत असेल, तर दोष ब्लोअरमध्येच. एसीचा कॉम्प्रेसर, इंजिनचा बेल्ट यांचा संबंध नाही. किरकिर एक नंबरवर सगळ्यात स्पष्ट यायची, तीही सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर. चारवर गेलं की हवेच्या घोंगावण्यात बुडून जायची. खडखड मात्र वेगाबरोबर वाढायची, आणि सात रस्त्याला गाडी जोरात वळवली की मधेच थांबायची, नाहीतर उलट जोरात सुरू व्हायची. वळणावर आवाज बदलतो म्हणजे आत काहीतरी सुटं आहे, नाहीतर दांड्याला खेळ आहे. तिसरा एक आवाज असतो, घसघशीचा. तो पंखा पेटीला घासायला लागला की येतो. तो आमच्याकडे नव्हता. मामांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरच्या पाठीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मलाही ऐकायला लावलं. किरकिर थेट दांड्याच्या टोकापासून येत होती.

विजापूर रोडला आमच्या ओळखीचे गाडीचे इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, आधी काढून तर बघू की. मोटर काय पळून जात नाही.”

ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी आत दाबला की खाली निघून येतो. मोटरच्या बुडाला एक कपलर (तारा जोडायचा प्लास्टिकचा प्लग), एक बारीक रबरी नळी आणि कडेला तीन स्क्रू. ही नळी लक्षात ठेवायची. ती पंख्याची थोडी हवा मोटरच्या पोटात नेऊन तिला गार ठेवते. परत बसवताना ती तशीच लोंबत राहिली तर नवी मोटरसुद्धा तापून जाते. आमच्या गाडीत एअरबॅग नाहीत. ज्यांच्या गाडीत डाव्या बाजूला एअरबॅग आहे त्यांनी तिथं हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून थोडा वेळ थांबावं, किंवा काम माहीतगाराकडेच द्यावं.

पंखा खाली आला तो भरलेलाच. कडुलिंबाच्या वाळक्या काड्या, पानांचा चुरा आणि शेंगांची टरफलं. आमची गाडी लिंबाखाली उभी असते, त्यामुळे काड्यांचं नवल नाही. वायपरखालच्या जाळीतून पडलेला कचरा ताज्या हवेच्या वाटेनं सरळ इथं उतरतो. टरफलं मात्र उंदरानं आणलेली. त्या जुन्या मॉडेलमध्ये केबिन फिल्टर नाही, म्हणजे मधे अडवणारं काहीच नाही. पंख्याच्या प्रत्येक पात्याच्या आतल्या वळणात धुळीचा राखाडी थर घट्ट बसला होता. बोटानं खरवडला तर त्यातून सुताचे बारीक तंतू निघाले. मामांनी ते चिमटीत धरून उजेडात पाहिले आणि म्हणाले, “आपल्या भागाची हवा आहे ही.” पात्याचं वळण असं भरून गेलं की पंखा फिरतो, पण हवा कमी ढकलतो. गॅस कमी झालाय असं वाटून लोक एसीत गॅस भरून घेतात, दोष असतो या थरात. शिवाय थर एका बाजूनं गळून पडला की पंख्याचा तोल जातो, डॅशबोर्ड थरथरतो आणि सगळा भार बुशवर येतो.

पंखा मोटरवरून काढून साबणाच्या पाण्यात भिजवला आणि जुन्या टूथब्रशनं पातं न पातं घासलं. पात्यांवर कुठंकुठं पत्र्याच्या छोट्या क्लिपा असतात. त्या कचरा समजून काढायच्या नाहीत, कारखान्यात पंख्याचा तोल साधायला त्या लावलेल्या असतात. मोटरला पाणी अजिबात लावायचं नाही. एवढ्यानंच खडखड संपली.

राहिली किरकिर. या मोटरच्या दांड्याला दोन टोकांना बुश असतात, दाबून घट्ट केलेल्या ब्राँझच्या भुकटीचे. त्यांच्या बारीक छिद्रांत कारखान्यातच तेल मुरवलेलं असतं. मोटर फिरताना तापली की तेल बाहेर येऊन दांड्यावर थर धरतं, थांबली की परत छिद्रांत मुरतं. इतकी सुंदर व्यवस्था! त्यावर वर्षानुवर्षं कुणाला हात लावावा लागत नाही. पण आपल्याकडे दुपारी उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही इतका तापतो. असे पंधरा-सोळा उन्हाळे गेल्यावर तेल उडणारच. हळू फिरताना तेलाचा थर नीट धरत नाही, म्हणून किरकिर एक नंबरवर जास्त.

इथं बरेच जण गंज काढायचा स्प्रे मारतात. आवाज लगेच थांबतो, म्हणून तो उपाय पसरलाय. पण तो स्प्रे पातळ असतो, बुशमध्ये उरलंसुरलं तेल धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो. थोड्या दिवसांनी किरकिर परत, आधीपेक्षा कोरडी. ग्रीसही नको, ते छिद्रांत शिरत नाही. अण्णांनी शिलाई मशीनचं तेल सुईच्या बाटलीतून बुशभोवतीच्या नमद्याच्या चकतीवर एकेक थेंब सोडलं. थेंब मुरू द्यायचा, दांडा हातानं फिरवायचा, मग पुढचा. घाईनं ओतलेलं तेल कॉम्युटेटरवर, म्हणजे दांड्यावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर जातं, त्यांना घासून वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या भुकटीत मिसळून त्याचा चिखल होतो आणि ठिणग्या उडायला लागतात. कार्बनही तेव्हाच पाहिले, अजून पुरेसे लांब होते. कार्बन झिजले की मोटर कधी चालते कधी नाही, डॅशबोर्डवर थाप मारली की चालू होते, असं सुरू होतं.

तो उन्हाळा शांत गेला. दिवाळीनंतर आवाज परत आला, पण या वेळी किरकिरीखाली टकटक होती. अण्णांनी मोटर काढून पंख्याचा दांडा आडवा हलवून दाखवला. बोटाला जाणवेल इतका तो सरकत होता. कोरडा बुश तेलानं सुधारतो. झिजून लंबगोल झालेला बुश कशानंही सुधारत नाही. सोलापुरात यंत्रमागांमुळे मोटरींची कामं करणारे पुष्कळ आहेत, नवा बुश ठोकून देणारेही मिळतात. पण आमच्या मोटरचा कपलर पाहिला आणि मी नव्या मोटरला होकार दिला. त्याचं पांढरं प्लास्टिक एका पिनेभोवती तपकिरी झालं होतं.

तो डाग का पडला, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मोटर फिरत असताना स्वतःच बॅटरीच्या विरुद्ध दिशेनं व्होल्टेज तयार करते, पुस्तकात त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. त्यामुळेच तिच्यातून जाणारा प्रवाह आवाक्यात राहतो. बुश आवळला की वेग उतरतो, ते विरुद्ध व्होल्टेज घटतं आणि प्रवाह वाढतो. फुल स्पीडला चांगली मोटरसुद्धा साधारण १० ते २० अँपिअर घेते. बारा व्होल्टला १२ अँपिअर धरले तरी १४४ वॅट, म्हणजे छतावरच्या जुन्या पंख्याच्या जवळजवळ दुप्पट. अडखळणारी मोटर याहून जास्त ओढते आणि तो सगळा प्रवाह त्या एवढ्याशा पिनेतून जातो. पिन सैल असेल तर तिथंच तापते. खालच्या स्पीडना मोटरचा प्रवाह रेझिस्टरमधून, म्हणजे वेग कमी करायला जोडलेल्या रोधकातून, जातो. म्हणून ‘पहिले तीन नंबर चालत नाहीत, फक्त चौथा चालतो’ ही तक्रार आली की बहुतेक वेळा रेझिस्टर गेलेला असतो, कारण चौथ्या नंबरला तो वाटेत नसतो. पण नुसता रेझिस्टर बदलून देणाऱ्याला मोटरही फिरवून बघायला सांगा. मोटर जड फिरत असेल तर नवा रेझिस्टरही टिकणार नाही. आवाजाकडे दुर्लक्ष केलं तर शेवटी वायर जळण्यापर्यंत गोष्ट जाते. गाडीत मामांसारखी ऐंशीला टेकलेली माणसं बसतात, म्हणून मी हे इतकं लांबवून लिहितेय.

नवी मोटर घेताना अण्णांनी दुकानातच बॅटरीवर क्षणभर फिरवून बघितली, दिशा तपासायला. तारा उलट असतील तर मोटर उलटी फिरते, आणि या पिंजऱ्याच्या पंख्याची गंमत अशी की उलटा फिरला तरी हवा व्हेंटमधूनच येते, फक्त फार कमी. बसवणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही, आणि मालक एसीला दोष देत बसतो. जुना पंखाच नव्या मोटरवर बसवला, तोल चांगला होता म्हणून. तपकिरी झालेला कपलर कापून नवा जोडला. पेटीची कड आणि मोटर यांच्यामधली फोमची पट्टी चुरा झाली होती, तीही बदलली. ती नसेल तर तिथून हवा शिट्टी मारते.

जुनी मोटर मी कॉलेजात नेऊन उघडली. कार्बनच्या घासण्यानं कॉम्युटेटरवर पडलेली चर आणि लंबगोल बुश मुलांनी बोट फिरवून पाहिला. एका मुलीच्या घरी माग आहेत. तिनं बुश बघितल्याबरोबर सांगितलं, “मॅडम, याला तेल वेळेवर मिळालं नाही.”

आता वायपरखालच्या तोंडाला आतून बारीक तारेची जाळी बसवून घेतली आहे. जाळी मच्छरदाणीइतकी बारीक घेऊ नये, धुळीनं बुजून हवा अडते; आणि त्याच खोबणीतलं पावसाचं पाणी वाहून जायची भोकं झाकली जाऊ नयेत, नाहीतर पाणी पायापाशी उतरतं. गाडी लिंबाखाली लावताना हवेचा खटका आतल्या हवेवर ठेवते, म्हणजे ताज्या हवेचा पडदा बंद राहतो आणि उंदराला पंख्यापर्यंत वाट मिळत नाही. फाल्गुनात लिंबाची पानगळ झाली की वायपरखालचा कचरा हातानं काढायचा, हे काम मामांनी स्वतःकडे घेतलंय.