कालची चलनं आज गायब

भोसरी एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी, त्यामुळे माझी कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं बहुतेक गुरुवारीच निघतात. या वेळी फोन होता जॉबवर्क करणाऱ्या एका शॉपमधून. "अहो, काल केलेली डिलिव्हरी चलनं आज दिसत नाहीत. मागेही असंच झालं होतं, पण दुसऱ्या दिवशी सगळी परत आली!"

डेटा उडणं रोजचंच. उडालेला डेटा आपल्या पायांनी घरी परत येतो, हे मात्र नवीन होतं.

कॉम्प्युटरवर डेबियन, म्हणजे एक लिनक्स. एकाच एसएसडीवर, म्हणजे डिस्कवर, दोन इन्स्टॉल: रोजच्या कामाचं प्रॉडक्शन आणि सॉफ्टवेअरवाल्याने नवी व्हर्जन तपासायला करून ठेवलेलं टेस्ट. डिस्पॅचच्या ताई शपथेवर सांगत होत्या, "मी चालू करताना नेहमी मेन्यूतली वरचीच, प्रॉडक्शनची ओळ घेते." मालकांचा संशय अर्थात त्यांच्यावरच.

मग मीच वरची ओळ घेऊन रीबूट करत बसलो. दर वेळी रूट, म्हणजे सिस्टीमचा मुख्य भाग, डिस्कच्या कुठल्या पार्टिशनवरून (भागावरून) माउंट झालंय, म्हणजे जोडलं गेलंय, ते बघायचं. एसडीए२, एसडीए२, एसडीए२... आणि मग एसडीए३, म्हणजे टेस्ट! ताई खरं बोलत होत्या.

पार्टिशनची यादी काढली तर दोघांचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, अक्षर न अक्षर सारखा. सॉफ्टवेअरवाल्याने टेस्ट नव्याने इन्स्टॉल केलंच नव्हतं. प्रॉडक्शनचं पार्टिशन डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने जसंच्या तसं उतरवलं होतं. फाइलसिस्टीमचा (पार्टिशनवर फाइली ठेवायच्या रचनेचा) यूयूआयडी तिच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे तिच्याच माहितीच्या नोंदीत असतो, तोही सोबत आला. ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीचा मेन्यू दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, दोन्ही ओळी रूट म्हणून तोच यूयूआयडी सांगत होत्या. एका सोसायटीत दोन कुलकर्णी आणि पत्त्यावर फ्लॅट नंबर नाही, तसला प्रकार. त्या बूटला जो आधी हाताला लागेल तो. एक्सएफएस नावाची फाइलसिस्टीम असती तर एक माउंट असताना दुसऱ्याला तिने नकार तरी दिला असता. इथली एक्स्ट४ हूं का चूं करत नाही.

दुरुस्ती सोपी. आधी दोन्ही पार्टिशनच्या इमेज बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. पेनड्राइव्हवरून बूट करून टेस्टची फाइलसिस्टीम तपासली, ट्यूनटूएफएस कमांडने तिला नवा यूयूआयडी दिला, तिथल्या एफएसटॅबमध्येही (काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) तो बदलला आणि दोघांना लेबलं लावली. प्रॉडक्शनमधून ग्रब अपडेट केला तर मेन्यूतून टेस्ट नाहीसंच झालं. २.०६ पासून ग्रब ओएस-प्रोबर, म्हणजे डिस्कवरची इतर इन्स्टॉल शोधणारा प्रोग्रॅम, मुळातच बंद ठेवतो. मीही तो चालू केला नाही. टेस्टला वेगळी एसएसडी घ्या, असं मालकांना स्पष्ट सांगितलं. चलनं छापणाऱ्या डिस्कवर प्रयोग कशाला?

खरा घाम काढला तो डेटाने. दोन्हीकडचे डेटाबेस आपापले नंबर पुढे नेत होते, म्हणजे एकाच नंबरची चलनं दोन वेगळ्या गिऱ्हाइकांना गेलेली. कुठला माल खरंच बाहेर पडला, याचा पुरावा मिळाला वॉचमनच्या आउटवर्ड रजिस्टरमध्ये. चहाचे डाग पडलेलं, पण गाडी नंबर, वेळ, सह्या सगळं चोख. ताई रजिस्टर वाचत गेल्या आणि मी टेस्टमधल्या नोंदी एकेक करून प्रॉडक्शनमध्ये भरल्या. गिऱ्हाइकाच्या हातातला कागद काही बदलता येत नव्हता, म्हणून आपसात भिडणाऱ्या नंबरांपुढे फक्त सिस्टीममध्ये 'ट' जोडला. अकाउंटंट कुरकुरले, "हे सगळं लेखी द्या." दिलं, आणि त्यात चूक डिस्पॅचची नव्हती, हे पहिल्याच ओळीत लिहिलं.