साबूचे कल्ले

बुधवार, रात्र

साबू म्हणजे आमचा ॲक्सोलॉटल, पाण्यातच राहणारा, गळ्याबाहेर कल्ल्यांचे तुरे असलेला सॅलॅमँडर. त्याने आज सलग तिसऱ्यांदा जेवण नाकारलं. चिमट्यात गांडुळाचा तुकडा धरून तोंडासमोर हलवला, की एरवी एका झटक्यात ओढून घेतो. आज मान वळवून कोपऱ्यात जाऊन बसला. कल्ल्यांची टोकं पुढे वळली आहेत, आणि डावीकडच्या मधल्या कल्ल्यावर कापसाच्या बोळ्यासारखी पांढरी बुरशी दिसते आहे.

चूक माझी आहे. स्टुटगार्टमध्ये आठवडाभर पारा चौतिशीच्या वर आणि आमचं घर छपराखालचं. शनिवार-रविवार बाहेरगावी जाताना टाकीवरचा पंखा सुरू करायला मी विसरले. परतलो तेव्हा पाणी २६ अंश होतं. त्याला १६ ते १८ लागतं. मूळचा तो मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या थंड पाण्यातला जीव. हे मला तोंडपाठ आहे, लेकीला मीच शिकवलं आहे, आणि तरी पंखा राहिला.

गुरुवार

डॉक्टरांनी कल्ल्यावरची बुरशी पाहिली, वजन केलं. औषध लगेच नको म्हणाल्या. आधी थंडावा आणि स्वच्छ पाणी. डब्यातलं पाणी तासातासाने गार करत आणलं आणि संध्याकाळी साबूला डब्यासकट फ्रिजमध्ये ठेवलं. खालच्या कप्प्यातली मेथी, कोथिंबीर, दही सगळं काढलं. अंधारात त्याला बरं वाटतं, त्याला पापण्या नाहीत. पाणी रोज पूर्ण बदलायचं, क्लोरीन काढलेलं आणि आधीपासून तितकंच गार करून ठेवलेलं. हात लावायचा नाही, त्याच्या नाजूक त्वचेला आपल्या हाताची उष्णताही सोसत नाही.

हेच फार अवघड जातं. ताप आलेल्या लेकीच्या कपाळावर हात ठेवता येतो. याच्यासाठी मी फक्त दार उघडून बघू शकते, आणि तेही कमी वेळा, कारण दार उघडलं की आत गरम हवा जाते.

शुक्रवार

आईचा चिपळूणहून फोन. सॅलॅमँडर म्हणजे काय ते तिला सांगताना दरवेळी अडखळते. आपल्या कोकणात हा प्राणीच नाही, तर शब्द कुठून असणार? पालीसारखा पण पाण्यातला, गळ्याभोवती तुरे असलेला, असं सांगते. आईने विचारलं, "दुखतंय का गं त्याला?" मला उत्तर देता येईना. तो ओरडत नाही, कण्हत नाही. जे काही सांगायचं ते सहा तुऱ्यांतूनच सांगतो.

बुरशीवर उपाय म्हणून टॅनिन, म्हणजे पानांतला तुरट अर्क, हवा म्हणून मत्स्यालयाच्या दुकानातून वाळलेली पानं आणली. पाकीट उघडलं आणि हात थांबला. जंगली बदाम! शाळेच्या मैदानातली ती लाल होऊन गळणारी मोठाली पानं, ज्यांच्या खालची फळं आम्ही दगडाने फोडून आतला गर खायचो. इथे दहा पानांचं पाकीट मिळतं. एक पान स्वच्छ धुऊन डब्यात सोडलं. तासाभरात पाणी कोऱ्या चहासारखं झालं. आईला सांगितलं तर म्हणाली, "अगं, पोतंभर पाठवते."

शनिवार, पहाटे

झोप लागेना. तुटलेला पाय नवा उगवून आणणारा हा जीव चार गरम दिवसांपुढे हतबल होतो, हे मला अजून पचत नाही. आणि कालव्यांत जे उरलेत त्यांना फ्रिज कोण देणार? सोचिमिल्कोत १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे सहा हजार मोजले होते. २०१४ साली छत्तीस. आमचा साबू टाकीत जन्मलेला, त्याने तो कालवा कधी पाहिलाच नाही. तरी हा आकडा आठवला की तो मला अधिकच एकटा वाटतो.

सोमवार

बुरशीचा बोळा निम्मा झाला. पाणी बदलताना तळाशी विष्ठा दिसली आणि मी लेकीला झोपेतून उठवून दाखवली. आतडी चालू आहेत! कल्ल्यांची टोकंही जरा मागे गेली आहेत, निदान मला तसं वाटतं. लेक म्हणते, नक्की.

मंगळवार, रात्र

गांडुळाचा अगदी छोटा तुकडा. पहिल्यांदा थुंकला. मी चिमटा तसाच धरून ठेवला, हाताला मुंग्या येईपर्यंत. मग त्याने घेतला आणि गिळला.

डबा परत आत ठेवला. पाणी ७ अंश. उद्या सकाळी सहाला बदलायचं, म्हणून कॅन भरून वरच्या कप्प्यात ठेवला आहे.