दहा कार्डांतलं 'नाही'

मी डीटीपीवाला. भायखळ्याला गल्लीत छोटं दुकान, माणसं दीड, म्हणजे मी आणि संध्याकाळी कटिंगला येणारा एक पोरगा. वर्षभर लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे बॅनर. डिसेंबरात मात्र आमच्याच मराठी मंडळीची, म्हणजे चर्चची, वचनाची कार्डं. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ३१ तारखेला रात्री चर्चमध्ये वॉचनाइट असते, बाराला पाच कमी असताना दिवे घालवून सगळे गुडघ्यावर, मग माझगावकडून बोटींचे भोंगे ऐकू आले की समजायचं वर्ष बदललं. नंतर टोपली फिरते, न बघता एक कार्ड उचलायचं, त्यावरचं बायबलचं वचन ते आपलं वर्षभराचं. पाळकसाहेबांना हे फारसं पटत नाही, लॉटरी वाटते म्हणतात. मी त्यांना एकदा सांगितलं की जर्मनीत हेर्नहूट गावचे मोरावियन पंथाचे ख्रिस्ती लोक १७२८ पासून हेच करतायत, १७३१ पासून दरवर्षी पुस्तक छापतात आणि त्यातलं जुन्या करारातलं वचन अजूनही चिठ्ठी टाकूनच काढतात. ते हसले आणि म्हणाले, तू छापतोस म्हणून तुला आवडतं. तेही खरंच आहे म्हणा.

यादी कमिटी देते. यादीत सगळं गोड. यिर्मया २९:११ तर तीन जणांनी वेगवेगळं सुचवलं, तुमच्या हिताचे संकल्प वगैरे, पण त्याच्या आधीच्याच ओळीत बाबेलात सत्तर वर्षं काढायची आहेत ते कोणाला नको असतं. स्तोत्र ९० मधलं दिवस मोजायला शिकव वालं मी स्वतः सुचवलेलं, ते कापलं. नवीन वर्षाला निगेटिव्ह वाटतं म्हणे.

तर अठ्ठेचाळीस वचनं, एका शीटवर चोवीस कार्डं, दोन शीट, प्रत्येकी दहा प्रिंट, ३०० जीएसएम आर्ट कार्ड. मजकूर येतो व्हॉट्सअॅपवर युनिकोडमध्ये, माझं कोरल, म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर, जुनं, त्यात श्रीलिपीचे जुने फॉन्ट, म्हणजे आधी कन्व्हर्ट करा. कन्व्हर्ट केल्यावर रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, 'र्‍या'चं काहीतरी भलतंच होतं, ते एकेक हाताने नीट करायचं. हे काम मी मन लावून करतो. का, तर ज्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहमने देवनागरीचे खिळे घडवले, तिथेच पोरवयात जावजी दादाजी हे काम शिकले आणि पुढे १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. मुंबईत मराठी अक्षर नीट छापायची एवढी जुनी परंपरा आहे आणि आपण त्यात रफार चुकवायचा म्हणजे लाजच.

रफार एकही चुकला नाही. चुकलं भलतंच.

२९ तारखेला रात्री कमिटीतून फोन, म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही, अक्षर मोठं करा. मी सगळे फ्रेम सिलेक्ट करून नऊचा पॉइंट अकरा केला. मजकूर फ्रेमच्या बाहेर गेला की कोरलमध्ये फ्रेमची रेघ लाल होते, पण चोवीस चौकटी एका स्क्रीनवर असल्या की ती लाल रेघ कटिंग मार्कांत कुठे दिसणार, आणि मी तसाच कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, छापायला पाठवला. कर्व्ह केलं की फ्रेम गेली, लाल रेघ गेली आणि बाहेर लटकलेला शब्दही गेला. बाकी सगळी वचनं मावली होती. एकच नाही मावलं, इब्री १३:५, 'मी तुला सोडून जाणार नाही व तुला टाकणार नाही.'

शेवटचा शब्द काय ते बघा. आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. इंग्रजीत तो आधीच येऊन बसतो, तिथे शेपूट कापली असती तरी देवाचा शब्द फिरला नसता. खाली 'इब्री १३:५' वेगळ्या फ्रेममध्ये होतं म्हणून ते व्यवस्थित, जागच्या जागी. प्रूफ मी तीनदा वाचलं, कमिटीतल्या दोघांनी वाचलं, निदान तसं ते म्हणाले.

दोन तारखेला दुकान उघडून नुकताच चहा सांगितला होता, तेवढ्यात बाई आल्या. म्युनिसिपल शाळेतून रिटायर झालेल्या, आमच्या मंडळीत सगळे त्यांना बाईच म्हणतात. मी सलाम केला. त्यांनी सलाम घेतला, पिशवीतून कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

"वाच."

मी वाचलं. सोडून जाणार नाही व तुला टाकणार नाही.

"परत वाच."

परत वाचलं, तेच.

"अरे, बोट ठेवून वाच."

पहिलीतल्या पोरासारखं बोट ठेवून वाचायला लागलो. एकेका शब्दावर बोट सरकत गेलं, 'टाकणार'वर आलं आणि तोंडातून 'नाही' निघालं तेव्हा बोटाखाली नुसता पांढरा कागद होता. पुढे पूर्णविरामसुद्धा नाही.

खरं सांगतो, पोटात गोळा आला. मी सॉरी सॉरी करत राहिलो, नवीन छापून देतो म्हटलं. बाई चिडलेल्या नव्हत्या, ते जास्त वाईट. म्हणाल्या, "रात्री घरी येऊन दिव्याखाली वाचलं. अक्षर मोठं केलंस ते चांगलं केलंस, चष्म्याशिवाय दिसलं. मार्चात ऐंशी पुरी होतायत मला. स्तोत्र नव्वदमध्ये काय लिहिलंय माहितीये ना?" माहीत होतं. आयुष्याची वर्षं सत्तर, शक्ती असली तर ऐंशी. मी म्हटलं, बाई, ते स्तोत्र कमिटीने काढलं. म्हणाल्या, "काढणारच."

मग पर्समधून लाल पेन काढलं आणि माझ्याच काउंटरवर टाकणारच्या पुढे, शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात, 'नाही' लिहिलं. कार्ड परत पिशवीत. नवीन नको म्हणाल्या. मी विचारलं, त्या रात्री काय वाटलं तुम्हाला? "एक तास झोप नाही लागली," एवढंच बोलल्या, आणि प्रूफ पुढच्या वर्षी मला दाखव सांगून गेल्या.

म्हणजे अशी आणखी नऊ. टोपलीत उरलेल्या कार्डांत तीन सापडली. पाळकसाहेबांना फोन केला, ग्रुपवर टाकू का विचारलं. नको म्हणाले, लोक अपशकुन मानतील. दर रविवारी आपण अपशकुन मानू नका सांगतो ते काय मग, हे मी मनात म्हटलं, फोनवर नाही. शेवटी संडेस्कूलच्या पोरांना कामाला लावलं, घरात कोणाला इब्री १३:५ आलंय का बघा म्हणून. तीन बदलून दिली. तिघांपैकी एकानेही चूक बघितली नव्हती, एकीने तर रोज सकाळी वाचते म्हणून शपथेवर सांगितलं. लोक वाचत नाहीत हो, ओळखीचं दिसलं की पुढे जातात. पण मग मी बाईंसमोर दोनदा काय केलं? आणि जे पाठ आहे ते डोळ्यांनी भरून काढलं तर त्याला आळस म्हणायचं की विश्वास, ह्यावर मी आता पंधरा दिवस डोकं खपवतोय.

चौथं कार्ड एका टॅक्सीवाल्याकडे, डॅशबोर्डवर, लॅमिनेट करून. मी चूक दाखवली, नवीन पुढे केलं. तो म्हणाला, "राहू द्या ना भाऊ, लॅमिनेशनचे पैसे गेलेत, आणि मला माहितीये काय लिहिलंय." सिग्नल सुटला, गेला.

दोन अजून मिळालेली नाहीत. दुरुस्त केलेली दोन कार्डं पाकिटात ठेवलीयेत आणि रविवारी उपासना सुटली की दारापाशी उभा राहून एकेकाला विचारतो, तुम्हाला काय आलं यंदा. लोकांना वाटतं मी फार धार्मिक झालोय.