तीन ओळींच्या पत्रासाठी सात आठवडे

सोमॅटिक थेरपी, म्हणजे शरीरातल्या जाणिवांकडे लक्ष देत मनावरचा आघात हलका करायची पद्धत, शिकायला गेले ती स्वतःसाठी. अपघातानंतर दोन वर्षं झाली तरी मागून हॉर्न वाजला की माझे खांदे कानाला भिडायचे. औषधांनी झोप सुधारली, समुपदेशनाने घडलेलं समजलं, पण खांदे काही ऐकेनात.

अभ्यासक्रमाचा अर्ज, मुलाखत, निवड सगळं चार दिवसांत झालं आणि मी आरोग्याच्या पानावर अडकले. 'मानसिक आजारावर उपचार घेतले आहेत का?' मी खरं ते लिहिलं, चालू आहेत. उत्तर आलं, डॉक्टरांचं पत्र जोडा. कसलं पत्र, त्यात काय हवं, अक्षर नाही. डॉक्टरांनी निदान आणि औषधं लिहून दिली, पत्र परत. नुसतं 'फिट' लिहून आणलं, तेही परत. मध्ये दहा-दहा दिवस शांतता, फोन केला की 'समितीकडे आहे'. दुसरा नकार वाचताना माझा जबडा इतका आवळला होता की रात्रभर दाढ ठणकत राहिली. शेवटी मीच लिहिलं, तुम्हाला हवी ती वाक्यं नेमकी कळवा. दोन तासांत आली. प्रकृती स्थिर आहे, उपचार चालू राहतील, सरावात भाग घ्यायला हरकत नाही. एवढंच! तोवर सात आठवडे गेले होते आणि बॅच सुरू होऊन गेली होती.

अट योग्यच आहे. शरीराकडे लक्ष नेलं की जुनी भीती अचानक उसळते, आणि शिकवणाऱ्याला ते आधी ठाऊक हवं. पण मग ती तीन वाक्यं अर्जावरच छापा ना. खरं लिहिणाऱ्यानेच का खेटे घालायचे? तरीही खोटं लिहू नका. दुसऱ्याच सत्रात माझे तळहात गार पडून बधिर झाले, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंना माझं सगळं माहीत होतं म्हणून त्यांनी तिथेच थांबवलं.

औषधं मनाने बंद करू नका, हे आधीच सांगायला हवं होतं.

शिकताना सुरुवातीला एकच प्रश्न असतो, आत्ता शरीरात काय जाणवतंय? मी म्हणायचे, 'भीती.' बाई म्हणायच्या, कुठे, कशी? खूप दिवसांनी सापडलं: छातीच्या हाडाखाली मुठीएवढं, गार, डावीकडे जरा जड. तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यूजीन जेंडलिन यांनी अशा जाणिवेला 'फेल्ट सेन्स' म्हटलं. 'सोमॅटिक एक्सपिरियन्सिंग' ही पद्धत मांडणाऱ्या पीटर लेव्हिन यांनी रसायनशास्त्रातला 'टायट्रेशन' हा शब्द घेतला, म्हणजे थेंबाथेंबाने. हॉर्नची आठवण दोन-तीन सेकंदच आणायची, मग लक्ष जमिनीला टेकलेल्या तळव्यांवर. पुन्हा तिकडे, पुन्हा इकडे. तिसऱ्या महिन्यात एकदा दंड थरथरले, लांब श्वास सुटला आणि खांदे आपोआप खाली आले. मी रडले.

फी भरण्यापूर्वी विचारा, स्वतःची वैयक्तिक सत्रं किती घ्यावी लागतील. त्यांचे पैसे बहुधा वेगळे असतात. आणि डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या टप्प्याला माझ्याकडे तेच पत्र पुन्हा मागितलं, नव्या तारखेचं.