बडोद्यातली भाड्याची खोली, गळकं छप्पर आणि विम्याचं गणित: माझा अनुभव

दांडिया बाजारात आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगाला दोन बिऱ्हाडं भाड्याने आहेत, वर मंगलोरी कौलं, वडिलांच्या वेळची. दरवर्षी मे महिन्यात शाकारणी करायची, फुटकी कौलं बदलायची, आणि तरी जुलैत तिथल्या भाडेकरू वहिनींचा फोन ठरलेला, "काका, परत गळतंय हो, आता तर गादीवरच." ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी २६), तेव्हा आमच्याकडे पाणी शिरलं नाही, पण त्या पावसात मोभाजवळचा (छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाजवळचा) एक वासा चांगलाच वाकला आणि घरात वाद सुरू झाला. मुलगा म्हणे छपरात पैसे कशाला ओतता, विमा काढा, पडलं तर कंपनी देईल. भाऊ म्हणे विमाबिमा काही नको, छप्पर करून टाक.

मी म्हटलं आधी पॉलिसी वाचू तरी. भारत गृह रक्षा नावाची स्टँडर्ड पॉलिसी आहे, एप्रिल २०२१ पासून घरांची आगीची पॉलिसी विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांना ती ठेवावीच लागते, मजकूर सगळीकडे तोच, प्रीमियम तेवढा वेगळा. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल, टाकी फुटणं अशी कारणं त्यात मोजून दिलीत. वर्षानुवर्षं झिरपणारं पाणी आणि कुजलेलं लाकूड त्या यादीत नाही. म्हणजे वादळात कौलं उडाली तर क्लेम, वासा कुजून खाली आला तर खर्च आपला. एजंट मात्र फोनवर "सगळं कव्हर होतं काका" हेच पालुपद लावून होता, कुठल्या पानावर ते विचारलं की साहेबांना विचारून सांगतो.

आणखी एक, छप्पर ताडपत्रीचं, बांबूचं, गवताचं असेल तर ते कच्चं बांधकाम, ते या पॉलिसीत बसतच नाही. कौलं उतरवून एक पावसाळा ताडपत्रीवर काढू असा भावाचा बेत होता, तो तिथेच बारगळला.

विम्याची रक्कम बाजारभावावर धरायची नसते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दांडिया बाजारात जागेलाच किंमत आहे, पण जागा काही जळत नाही. कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) गुणिले बांधकामाचा खर्च, एवढंच. आमचे दोन्ही मिळून ६० चौरस मीटर, १८ हजार रुपये चौरस मीटरने धरले तर १० लाख ८० हजार. त्यावर प्रीमियम सांगितला तो जीएसटी धरून वर्षाला हजाराच्या आत. घर राहण्याजोगं उरलं नाही तर बुडालेलं भाडंही यात मिळतं, पण नुकसान यादीतल्या कारणाने झालेलं असलं तरच. भाडेकरूंचं सामान आपल्या पॉलिसीत येत नाही, त्यांनी फक्त सामानाची वेगळी घ्यायची, हे वहिनींनाही सांगून ठेवलं.

इथे माझ्यापुरता वाद मिटला. हजार रुपये वाचवून छप्पर होत नाही, आणि हजार रुपये भरून गळती थांबत नाही. प्रश्न उरला तो छपराच्या खर्चाचा. दोन्हींचं भाडं वर्षाला १ लाख ८० हजार येतं, आणि लोखंडी सांगाड्यावर रंगीत पत्रा टाकायचे कडियाने (गवंड्याने) पावणेदोन लाख सांगितले. स्लॅबचा विचार इंजिनियरने एका वाक्यात संपवला, पाच इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला ३०० किलोच्या वर, जुन्या चुन्यातल्या विटांच्या भिंतींवर तो भार टाकायचा नाही. पत्रा त्यामानाने चार-पाच किलो. अर्थात हलका म्हणजे वाऱ्याला उचलायलाही सोपा, म्हणून सगळा जीव स्क्रूमध्ये. मी शिडीवर उभा राहून बघत होतो, कामावरचा पोरगा ड्रिल मशीन लावून स्क्रू इतके आवळत होता की खालचा रबरी वॉशर चेपून बाहेर येत होता, आणि तिथूनच पुढे पाणी शिरतं. त्याला थांबवलं, वॉशर नुसता बसेल एवढंच, आणि स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, खोलगटात नाही, तिथूनच तर पाणी वाहतं. नाराज झाला पण ऐकलं. उन्हासाठी खाली चकचकीत इन्सुलेशन घातलं, त्याचे जास्तीचे लागले, पण बडोद्याच्या मे महिन्यात नुसत्या पत्र्याखाली कोण राहील.

टॅक्सचं सीएला विचारलं. भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजा होतात, मग तुम्ही छप्पर करा नाहीतर करू नका, प्रीमियमचंही वेगळं काही मिळत नाही. दुरुस्तीला कर्ज काढलं तर व्याज वजा होतं, पण एवढ्याशा रकमेला बँकेच्या फेऱ्या कोण मारणार, एफडी मोडली.

पत्रा बसल्यावर फोटो काढले, बिलं फाइलला लावली आणि मग पॉलिसी घेतली, फॉर्ममध्ये छप्पर नवं काय आहे तेच लिहिलं. ही पॉलिसी १० वर्षांपर्यंत घेता येते आणि रक्कम दरवर्षी आपोआप १० टक्के वाढते, पण मी सध्या एकाच वर्षाची घेतली, कारण मागच्या न्हाणीवरचा सिमेंटचा पत्रा अजून जुनाच आहे. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, तो फोडायचा नाही, पाणी मारून अख्खा उतरवायचा असं इंजिनियर सांगून गेलाय. ते काम दिवाळीनंतर. वहिनींनी विचारलं, "काका, भाडं वाढवणार का आता?" म्हटलं न्हाणी झाल्यावर बघू, पाचशे तर वाढतीलच.